कर्ज पाहावे फेडून

पावसाळ्यात मुंबईच्या पेपरांत सात तलावांचा पाणीसाठा रोज छापून येतो. त्यामुळे दादरच्या माणसाला भातसा किती टक्के भरलं ते पाठ असतं. भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहे तिथल्या माणसालाही असतं, आणि मे महिन्यात टँकरची वाट बघताना तर दशांश चिन्हासकट. त्याच माणसाला आसनगावच्या फलाटावर विचारा, "भाऊ, घराचं कर्ज किती राहिलं?" तो क्षणाचाही विलंब न लावता सांगतो, "तेरा हजार."

तो हप्ता झाला. कर्ज विचारलं होतं.

ज्यांनी वासिंदला किंवा आसनगावला वन-बीएचके घेतला, ज्यांनी मुरबाडला 'नियोजित रेल्वे स्टेशनपासून पाच मिनिटे' अशा एनए प्लॉटवर घर बांधलं आणि ज्यांना आपलं कर्ज म्हणजे तेरा हजारच आहे असं मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. पूर्वतयारी म्हणून एक पेन, कर्ज खात्याचा नंबर आणि घरातली शांतता एवढं पुरे. शांतता मिळत नसेल तर कसारा लोकलची खिडकी घ्यावी.

आधी एक जुनी सवय मोडा. आपल्याकडे कर्ज म्हटलं की पीककर्ज डोळ्यांसमोर येतं. ते 31 मार्चच्या आत भरायचं, एप्रिलमध्ये पुन्हा उचलायचं, म्हणजे 'नवं-जुनं' करायचं. वेळेवर भरलं तर 3 लाखांपर्यंत व्याज शून्य. आणि नाहीच भरलं तर 2008, 2017 आणि 2019 या सालांकडे बघत उसासा टाकायचा. गृहकर्जाचं नवं-जुनं होत नाही आणि त्याला माफीही मिळत नाही. निवडणुकीच्या सभेत कान देऊन ऐकलंत तरी त्यात तुमच्या वन-बीएचकेचा उल्लेख सापडायचा नाही.

पहिली पायरी: आपण हप्ता भरतो आहोत याची खात्री करून घ्या. हे वाक्य छपाईची चूक नाही. इमारत अजून उभी राहत असेल, बँक पैसे टप्प्याटप्प्याने देत असेल, तर दरमहा कापली जाणारी रक्कम बहुतेकदा 'प्री-ईएमआय' असते, म्हणजे दिलेल्या पैशांवरचं निव्वळ व्याज. बिल्डरने तिसऱ्या मजल्यावर काम थांबवलं आणि तुम्ही दोन वर्षं इमाने-इतबारे भरत राहिलात, तरी मुद्दल जागचं हललेलं नसतं. पेढे वाटून झाले असतील तर ते व्याजाचे होते असं समजावं.

दुसरी पायरी जरा मोठी आहे, पण तिच्यावाचून बाकीच्या पायऱ्यांना अर्थ नाही. समजा 15 लाख घेतले, दर साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता बसतो 13,017 रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज 10,625. उरलेले 2,392 मुद्दलातून वजा होतात. वर्षभरात तुम्ही दीड लाखाच्या वर पैसे भरता आणि मुद्दल कमी होतं सुमारे 29,850 रुपयांनी. इथे नवशिक्या कर्जदाराला बँकेने फसवल्याची भावना होते आणि तो शाखेत जाऊन आवाज चढवतो. चढवू नये. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं, सुरुवातीला शिल्लक मोठी, म्हणून व्याजही मोठं. सगळ्या जगात हा हिशोब असाच चालतो आणि शाखेतल्या मॅडमनी तो तुमच्यासाठी खास बनवलेला नाही.

पाच वर्षं संपली की तुमच्या खिशातून 7 लाख 81 हजार गेलेले असतात आणि कर्ज उरलेलं असतं 13 लाख 22 हजार. हप्त्यात व्याजापेक्षा मुद्दल जास्त, अशी वेळ 143 व्या हप्त्याला येते. घेतलेलं कर्ज निम्मं होतं 166 व्या हप्त्याला, म्हणजे तेरा वर्षं दहा महिन्यांनी. घर घेताना कडेवर असलेलं पोर तोपर्यंत दहावीच्या आसपास पोहोचतं. हे आकडे वाचून जेवण जात नसेल तर पुढची पायरी उद्यावर ढकलली तरी चालेल. ती तशीही वाईटच आहे.

तर ती पायरी अशी. वर मांडलेला हिशोब दर स्थिर राहिला तरच खरा, आणि आपलं कर्ज बहुधा 'फ्लोटिंग' असतं. 1 ऑक्टोबर 2019 नंतर बँकेकडून घेतलं असेल तर ते रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधलेलं असतं आणि तीन महिन्यांतून निदान एकदा हलतं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. आता समजा, त्याआधी कुणी 15 लाख 7 टक्क्यांनी घेतले होते. हप्ता 11,629. वर्षभरात मुद्दल 14,64,316 वर आलं आणि मग दर साडेनऊवर पोहोचला. त्या महिन्याचं व्याज 11,592. हप्ता मात्र बँकेने तोच ठेवला. मुद्दलाच्या वाट्याला आले 37 रुपये.

सदतीस. एवढ्यात मुरबाड स्टँडवर दोघांचा वडापाव आणि चहासुद्धा बसत नाही.

यातली मेख अशी की कर्जदाराला काहीच कळत नाही. हप्ता तोच, तारीख तीच, मोबाइलवरचा मेसेज तोच. गुपचूप वाढते ती मुदत. वीस वर्षांची पंचवीस होते, तीस होते, आणि घरात सगळे समाधानी असतात की बघा, महागाई एवढी वाढली पण आपला हप्ता काही वाढला नाही. म्हणून एखाद्याने 'तेरा हजार' असं उत्तर दिलं की मला त्याची काळजी वाटते. त्याला हप्ता ठाऊक आहे, म्हणजे या व्यवहारातला सगळ्यात कमी माहिती देणारा आकडा ठाऊक आहे.

या प्रकाराकडे रिझर्व्ह बँकेचंही लक्ष गेलं. 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने तिने बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांना बजावलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारा. शिवाय दर तिमाहीला त्याला विवरण उपलब्ध करून द्या. आजवर किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं, हप्ता किती, किती हप्ते उरले आणि वार्षिक दर काय, हे सगळं त्यात यायला हवं. म्हणजे आपल्याला हवं ते सगळं एका कागदावर मिळतं. तो कागद ईमेलवर येतो. ईमेल कर्ज काढताना एजंटने उघडून दिलेला असतो, आणि पासवर्ड एजंटला माहीत.

त्यामुळे चौथी पायरी: पासवर्ड मिळवा. नाही मिळाला तर बँकेचं ॲप घ्या, तेही नको असेल तर शाखेत जाऊन विवरण मागा. 'आपल्या खेड्यात हे ऑनलाइन कुठे जमतंय' ही सबब मुरबाड तालुक्यात तरी चालणार नाही. याच तालुक्यातल्या धसईचं नाव डिसेंबर 2016 मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून देशभर गाजलं होतं. विवरणात 'प्रिन्सिपल आउटस्टँडिंग' हे शब्द शोधा. त्यापुढचा आकडा म्हणजे तुमचं कर्ज. त्याखालोखाल उरलेल्या हप्त्यांचा आकडा बघा आणि मागच्या तिमाहीशी ताडा. तीन महिन्यांत तो तीनने कमी झालेला हवा. वाढला असेल तर त्याच दिवशी शाखा गाठा, आणि या वेळी आवाज थोडा चढला तरी हरकत नाही.

जिल्हा परिषदेचे शिक्षक, एसटीतले आणि एमआयडीसीतले कर्मचारी यांना पूर्वी वर्षातून एकदा तरी हे दर्शन घडायचं. जानेवारीत आयकरासाठी व्याजाचा दाखला काढावा लागायचा, त्यात मुद्दल आणि व्याज वेगवेगळं लिहिलेलं असायचं आणि स्टाफरूममध्ये चार दिवस सन्नाटा असायचा. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. दाखल्याची गरज संपली, तशी ती वार्षिक धडकीही गेली. कर सोपा झाला हे खरं, पण कर्जाचं तोंड बघण्याचं शेवटचं निमित्तही त्यासोबत गेलं.

2025 मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर उतरला. तुमचा दर उतरला का, ते बघा. कर्ज जुनं असेल, एमसीएलआर किंवा त्याहून आधीच्या बेस रेटवर असेल, तर ही उतरंड तुमच्यापर्यंत पुरती पोहोचली नसण्याची शक्यता बरीच आहे. थोडं शुल्क भरून रेपोवर बदलून घेता येतं. बँक आपण होऊन आठवण करत नाही, अर्ज तुम्हालाच द्यावा लागतो.

आता आनंदाची पायरी. भाताचे पैसे आले, बोनस मिळाला, समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातलं काही उरलं असेल (उरलं असेल तर तुमचं वेगळं अभिनंदन), तर त्यातलं थोडं मुद्दलात टाका. वरच्या 15 लाखांच्या उदाहरणात पहिलं वर्ष सरताना 50 हजार भरले, तर शेवटचे जवळपास 18 हप्ते गळून पडतात. म्हणजे 2 लाख 34 हजारांचे हप्ते वाचले. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर यासाठी दंड लागत नाही. फक्त अर्जात ठळक लिहा, 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी', आणि पोच घ्या. नाहीतर बँक हप्ता चारशे-साडेचारशेने कमी करून देते, घरात सगळे खूश होतात आणि वीस वर्षं वीसच राहतात.

नातेवाइकांचा सल्ला या टप्प्यावर घेऊ नये. ते हमखास सांगतील की त्या पैशांत आणखी एक गुंठा घे.

शेवटचा हप्ता भरून झाला की नवशिका सत्यनारायण घालतो आणि विसरून जातो. घाई करू नका. बेबाकी दाखला घ्या. मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत मिळायला हवीत. 1 डिसेंबर 2023 पासूनच्या नियमानुसार बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई तिने द्यायची असते. हे शाखेत सौम्य आवाजात, जाता जाता बोलून पाहावं. कपाट लवकर उघडतं.

घर सातबाराच्या जमिनीवर असेल तर 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा अजून तसाच असतो. पैसे फिटले म्हणून तो आपोआप पुसला जात नाही. बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे किंवा ई-हक्कवर अर्ज करायचा, फेरफार मंजूर व्हायची वाट बघायची आणि मग नवा सातबारा काढायचा. तो नीट वाचा. बँकेचं नाव गेलेलं असेल. त्याच्याच वर पुष्कळदा आजोबांनी काढलेल्या तगाईचा किंवा विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा दिसतो. तगाई बैलासाठी होती की विहिरीसाठी, हे घरात कोणाला आठवत नाही. त्याची शिल्लक कुठल्याही ॲपवर दिसत नाही. त्यासाठी तहसीलला जायचं, जुना फेरफार नंबर घेऊन, आणि शक्यतो जेवणाच्या सुट्टीच्या आधी.