पहिली पंगत

रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी आणखी एक तज्ज्ञ उगवल्या. फोटोत हातात वाटी, वाटीत साजूक तूप आणि खाली सल्ला: सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, एक चमचा. मी पुरवणीची घडी घातली आणि ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर जागा नव्हती.

तिथे लिंबू-मध घातलेलं कोमट पाणी होतं. शेजारी रात्रभर भिजलेली मेथी, सहा बदाम (साल ठेवावी की काढावी, यावरून दोन तज्ज्ञांचं बोलणं बंद आहे), ठेचलेली लसणाची पाकळी, आवळ्याचा रस, दुधीचा रस, कोरफडीचा गर, ओव्याचं पाणी आणि किमतीमुळेच गुणकारी वाटणारं सफरचंदाचं व्हिनेगर. झाले नऊ. अट सगळ्यांची एकच: उपाशीपोटी. पोटअट अशी की त्यानंतर अर्धा तास काहीही घ्यायचं नाही. नऊ अर्धे तास म्हणजे साडेचार. पाचला उठलं तर साडेनऊला माणूस चहाला मोकळा. तूप धरलं तर दहा. माझी लोकल ८.१२ ची आहे.

पण वेळेचं सोडा. मुद्दा पोटाचा आहे. उपाशी पोट सकाळी एकदाच मिळतं आणि पहिला घोट गेला की संपतं. हे कळायला तज्ज्ञ असावं लागत नाही. बहुधा नसावंच लागतं. मेथीचं पाणी प्यायल्यावर जे उरतं ते मेथी प्यायलेलं पोट. त्यात आवळा सोडला तर तो उपाशीपोटी घेतला असं धरायचं, की त्याने दुसऱ्या दिवशीचा नंबर लावायचा?

लग्नातली पहिली पंगत आठवा. पानं पन्नास आणि ‘आम्ही पहिल्या पंगतीचे’ म्हणत चपला काढणारे दोनशे. इथे तर पान एकच मांडलंय. त्यावर लिंबू-मध वर्षानुवर्षं मांडी ठोकून बसलेलं, मुलाकडचं असल्यासारखं. त्याला उठवायला आयुर्वेदवाले उभे, कारण त्यांच्या शास्त्रात गरम केलेला मध वर्ज्य. मेथी म्हणजे मान मिळाला नाही म्हणून कोपऱ्यात फुगून बसलेली आत्या. रात्रभर बसून खरोखरच फुगलेली. व्हिनेगर परदेशातून आलेला चुलतभाऊ: नुसता अंगावर आला तर दातांचं आवरण झिजवतो, म्हणून त्याला भरपूर पाण्यात मिसळूनच चारचौघांत आणायचं. लसणाला कोणी शेजारी बसू देत नाही. कोरफडीला कोणी बोलावलंय हे मुलाकडच्यांना माहीत नाही आणि मुलीकडच्यांनाही नाही. आणि दुधी! इतका गरीब चेहरा, पण हा कडू निघाला तर पाहुणा नव्हे, दरोडेखोर. कडू दुधीचा रस पिऊन माणसांना उलट्या झाल्यात, रक्त पडलंय, जीवही गेलेत. म्हणून आधी कच्च्या दुधीची फोड जिभेवर ठेवून बघायची आणि कडू लागली तर थुंकून अख्खा दुधी फेकून द्यायचा. एवढं एक वाक्य पुरवणीत छापायला जागा नसते. उलट आपल्याकडे कडू म्हणजे गुणकारी अशी श्रद्धा, त्यामुळे माणूस नाक दाबून ग्लास रिकामा करतो आणि वर विचारतो, उद्याही घ्यायचा ना?

या रेटारेटीत ज्याला खरंच बोलावणं होतं तो पाहुणा दाराबाहेर उभा राहिला. हिची थायरॉइडची गोळी. मसुराच्या दाण्याएवढी, ५० मायक्रोग्रॅमची. तिला उपाशी पोट लागतं ते मानासाठी नाही. पोटात अन्न असलं तर ती अंगात पुरती शोषलीच जात नाही. साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर तिच्यापासून चार तास लांब. फोटो नाही, वाटी नाही, चमचा नाही. अशांचं कोण ऐकतं?

यंदा हिचा टीएसएच वाढून आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गोळी उपाशीपोटीच घेता ना?”

“अगदी उपाशीपोटी.”

“तिच्या आधी काही?”

“काही नाही हो. मेथीचं पाणी, आवळा, बदाम. आणि परवापासून तूप.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. डोस वाढवण्यासाठी उचललेलं होतं ते.

दीड-दोन महिने नीट घ्या, मग पुन्हा रक्त तपासा, असं ठरलं. त्या तपासणीला माझीही साखर जोडली. उपाशीपोटीची साखर म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय पोटात काही नको. लॅबची वेळ सातची. साडेसातला शटर अर्धं वर गेलं. आठला टोकन. रक्त काढणारा मुलगा नऊला आला, कारण जादा पैसे भरणाऱ्यांच्या घरी जाऊन तो आधी तिथलं रक्त काढून येतो. तोवर बाकावर चाळीस उपाशी पोटं. माझ्या शेजारी सत्तरीपुढचे एक आजोबा, मधुमेही. कपाळावर घाम, हातातलं टोकन थरथरतंय. त्यांच्या सुनेने पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला, तर काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, “खाल्लं तर उद्या यावं लागेल.” आणि तिच्या डोक्यावर भिंतीला पोस्टर: हसऱ्या कुटुंबाच्या हातात कोमट पाण्याचे ग्लास, खाली ‘सकाळ उपाशीपोटी, आयुष्य निरोगी’.

मी आवाज चढवला. आजोबांचं रक्त आधी काढलं गेलं, बिस्कीट तोंडात पडलं. बाकीच्यांनी माझ्याकडे ‘रांग मोडणारा’ म्हणून पाहिलं. पण तज्ज्ञहो, तुम्हाला विचारायचं राहिलंच. इतकी वर्षं तुम्ही उपाशी पोटांत रस ओतताय. साखर उतरून घाम फुटलेल्या माणसाला चाचणी सोडून आधी गोड द्यावं, हे एकदा तरी सांगितलंत? लॅबचं शटर सातला म्हणजे सातला उघडावं, मधुमेही म्हाताऱ्याला पहिलं टोकन द्यावं, हा आरोग्यसल्ला नाही? याला एक पैशाची कोरफड लागत नाही. पण याचा फोटो चांगला येत नसावा. शटर उचलणाऱ्या माणसाच्या हातात वाटी कशी देणार?

असो. रक्तदाब वाढतो आणि त्यावरही उपाशीपोटी काहीतरी निघेल.

आता ओटा मोकळा आहे. मेथी मोड आणून उसळीत गेली, दुधी भाजीत. बदाम दुपारी चारला चिवड्याबरोबर खातो. उपाशीपोटी न खाल्ल्याबद्दल त्यांनी तक्रार केलेली नाही. तूप वरणभातावर, जिथे ते पूर्वीपासून सुखाने होतं. व्हिनेगरने बेसिनचा नळ लख्ख निघाला.

पावणेसहाला ही गोळी घेते. मग तासभर आम्ही गॅलरीत बसतो. दूधवाला येतो, खालच्या मजल्यावरचा पंप सुरू होतो, बंद होतो. मी आधीच चहा घेऊ शकतो, पण तिच्यासमोर घोट घ्यायची हिंमत अजून कोणत्याही रसाने दिलेली नाही. हा तास कसा घालवावा, यावर कुठल्याही तज्ज्ञाचा सल्ला माझ्या वाचनात नाही. कृपया देऊ नये.

पावणेसातला मी आधण ठेवतो.