दात बघून घेतलेली गाडी

देवणीत माणसाची अक्कल बैलावरून ठरते. गावाच्या नावाची गोवंशाची जात देशभर गेलेली, त्यामुळं वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे तिचे तीन प्रकार इथलं शेंबडं पोरगंही लांबून ओळखतं. मला मात्र लहानपणापासून नाद चाकाचा आणि डिझेलच्या वासाचा. भाऊबंदांच्या हिशेबी मी वाया गेलेला.

सुरुवात लुनापासून. 1972 साली निघालेली ही 50 सीसीची गाडी पेट्रोल संपलं की सायकल व्हायची. मग राजदूत आली. ती वेशीत फटफटली की घरात चुलीवर चहाचं आधण चढायचं. चेतकसाठी तर लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. लग्नाआधी बुक केलेली गाडी पोराच्या जावळाला मिळाली तरी नशीबवान. ती आडवी करून मग किक मारायची, ही रीत अख्ख्या देशाला कुणी शिकवली कोण जाणे! पुढं कमांडर जीप घेतली. सोयऱ्यांचा गोतावळा किती मोठा आहे, हे मला जीप आल्यावर कळलं.

मास्तरकीतून सुटलो, फंडाचा पैसा हातात आला आणि मी जुनी 407 आणली.

ऐंशीच्या दशकात डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी, ऑल्विन-निस्सान अशा जपानी तंत्राच्या चार गाड्या पाठोपाठ बाजारात उतरल्या. टाटांची 407 त्यांच्यासमोर 1986 साली उभी राहिली, आणि टिकली. गॅरेजवाल्यांना ती तोंडपाठ असते, हे तिचं खरं भांडवल.

जुनी गाडी घेताना मीटर बघू नये. मीटर फिरवता येतं. ब्रेकच्या पेडलचं झिजलेलं रबर मात्र खोटं बोलत नाही. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढावं. भसाभस वाफारा आला की समजावं, बॅक मारतंय, रिंगा गेल्या. निळा धूर म्हणजे ऑइल खातंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. बैलाचे दात बघतात तसंच हे, फक्त बैल सदऱ्यावर ऑइल उडवत नाही.

आधीच्या मालकांच्या कृपेनं माझ्या गाडीत वरचं सगळं होतं. तरी घेतली, कारण चेसी सरळ होती. चेसी सरळ असली की बाकीचं पैशानं होतं.

उदगीरच्या गॅरेजातले चाचा गाडीभोवती एक चक्कर मारून आले, पाट्यांना लाथ घातली आणि म्हणाले, "मास्तर, घरात विचारून आणली का?"

घरात विचारलं नव्हतंच. बायको म्हणाली, "अवो, पोरीला बघायला पाव्हणे यायलेत. हे भंगार दारातून हलवा आधी."

हलवायला ती चालू तरी व्हावी लागते! चाचांनी इंजिन उतरवलं, बोअर केलं, पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या, पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला पाठवले. फाळका मी स्वतः वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर उभं राहून करून घेतला. पत्र्याला जागोजाग लांबी भरून काळा प्रायमर मारला, तेव्हा शेजारचे आबा काठी टेकत आले. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके त्यांनी निरखून बघितले. "शेवरा दिसतोय." पुढं भंगारातून काळं बॉनेट मिळालं, ते बसवलं. आबा म्हणाले, "आता वानेरा झाला." शेवटी सगळ्या गाडीला पांढरा रंग दिला, तर म्हातारा खुशीत येऊन म्हणतो, "बालंक्या! मास्तर, आता कुठं जनावरातलं कळायला लागलं तुला."

पेंटरनं मागं 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला कुंचला उचलला. महाराष्ट्रात त्याला 2015 पासून बंदी आहे, म्हणून फक्त 'देवणी' लिहून घेतलं. त्याचा परिणाम असा की, लातूरला पासिंगला जाताना चहाच्या टपरीवर एकानं गाडी अडवून विचारलं, "जोडी विकायची हाय का?" आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग लागतं. म्हणजे हा प्रश्न आता दर वर्षी येणार.

गाडी सध्या सोयाबीनची पोती घेऊन उदगीरच्या बाजारात जाते आणि परतही येते. विकायची नाही. मात्र जुन्या 407 चं मूळ मीटर कुणाच्या अडगळीत पडलं असेल तर जरूर कळवा. बोलणी चाचांच्या गॅरेजात करू. घरी फोन करू नका.