न केलेल्या कामाचा फोटो

आमच्या महाविद्यालयाचं नाव सांगत नाही. अमरावती आणि अकोला यांच्या मधे, हायवेपासून जरा आत, एवढं पुरे. नाव छापून आलं तर माझी वेतननिश्चितीची फाइल, जी सध्या निदान या टेबलावरून त्या टेबलावर हिंडते तरी, ती कायमची बसेल.

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची पीअर टीम येणार हे कळलं त्याच दुपारी प्राचार्यांनी मला बोलावून हरित परिसर समितीचा समन्वयक केलं. मी मराठी शिकवतो. पण वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी 'मागच्या खेपेला मीच होते' म्हणून हात झटकले होते आणि भूगोलाचे सर नेमके त्या दिवसापासून वैद्यकीय रजेवर गेले होते. "तुमच्याकडं निसर्गकविता असतातच की," प्राचार्य म्हणाले. त्यांच्या खोलीत एसी अठरावर होता. मला हुडहुडी भरली होती, म्हणून मी लवकर होकार दिला.

काम तसं सोपं. नॅकच्या सातव्या निकषात विचारतात: सौरऊर्जा आहे का, पावसाचं पाणी मुरवता का, आवारात गाड्यांना मज्जाव आहे का, सायकली आहेत का, हरित लेखापरीक्षण झालं का. आणि पुरावा म्हणून लागतो जिओटॅग केलेला फोटो. मोबाइलमधलं ते ॲप फोटोच्या बुडाशी काळी पट्टी ओढतं आणि तीत नकाशा, अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ छापतं. पट्टी असेल तर ते झाड. नसेल तर नुसता पाला.

दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावायचा विनोद आता शिळा झाला. २०१९ साली राज्यानं ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं तेव्हाच त्यातला रस आटला. आमच्याकडची सुधारणा एवढीच की एका कडुनिंबाचे चार दिशांनी फोटो काढले की चार कडुनिंब होतात. अक्षांशाचा शेवटचा दशांश दर वेळी बदलतो. ॲप खोटं बोलत नाही.

पण प्राचार्यांना यंदा 'कार्बन न्यूट्रल' व्हायचं होतं. कुठल्याशा कार्यशाळेतून ऐकून आले होते. मी रात्री बसून हिशेब मांडला. ग्रिडमधून आलेल्या विजेच्या एका युनिटमागं साधारण ७०० ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण आपली बहुतेक वीज कोळशाची. त्यात आमचं कॉलेज म्हणजे दोन चुलींच्या मधे मांडलेला पाट: एकीकडं पारसला २५० मेगावॉटचे दोन संच, दुसरीकडं नांदगावपेठला १३५० मेगावॉटचा खासगी प्रकल्प. दीड टनी एसी तासाला दीडेक युनिट खातो. प्राचार्यांचा एसी सकाळी दहाला लागतो आणि साडेपाचला बंद होतो. साहेब दौऱ्यावर असले तरी लागतो, कारण साहेब कधीही येऊ शकतात. दिवसाचे अकरा युनिट, म्हणजे आठ किलो. वाढलेलं झाड वर्षभरात वीसेक किलो ओढून घेतं असं धरतात. म्हणजे साहेबांचा एका आठवड्याचा गारवा फेडायला दोन-अडीच झाडांनी वर्षभर राबायचं.

हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग झाडं वाढवा." चार दिशा संपल्याच होत्या, ईशान्य, आग्नेय वगैरे उपयोगात आणल्या.

आता एसीला नावं ठेवणं सोपं आहे, पण आमच्या उन्हाळ्याशी ज्याचा संबंध आला नाही त्यानं ठेवू नयेत. २०२४च्या मे महिन्यात अकोल्यात पारा ४५च्या वर चढला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी १४४ कलम लावलं. एरवी हे कलम दंगलीसाठी असायचं. त्या वर्षी दंगल सूर्यानंच मांडली होती. पण हाच कोरडा उन्हाळा कूलरला मानवतो. वाळ्याच्या ताट्या, मागं पाण्याची टाकी, समोर पंखा. एसीच्या सातव्या-आठव्या हिश्शाच्या विजेत खोली गार. पाणी लागतं हे खरं, आणि खारपाणपट्ट्यात पाण्याचं नाव काढणंही जिवावर येतं. त्याहून साधा उपाय म्हणजे आमची जुनी इमारत. दीड हात रुंद भिंती, उंच छत, वर झरोके. तिथं मे महिन्यातही पंख्यावर भागतं. नवी इमारत काचेची आहे आणि तिचं तोंड पश्चिमेला. माणसं नव्या इमारतीत भाजतात. जुनीत, कॉलेजातल्या सगळ्यांत गार खोलीत, तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे राहतात.

गच्चीवर सौर पॅनेल आहेत. अहवालात आम्ही त्यांची क्षमता लिहितो. वीज किती झाली ते लिहीत नाही. वर जाऊन पाहिलं तर पॅनेलवर धुळीचा असा थर की कुणीतरी बोटानं बाण मारलेला बदाम काढून त्यात दोन आद्याक्षरं कोरली होती. पॅनेलचा उन्हात राहिलेला भाग तेवढाच. इन्व्हर्टरवर लाल दिवा. पुसायचं कुणी, हे कुठल्याच पदाच्या कर्तव्यसूचीत नाही.

मग मामांची गाठ पडली. मामा रोजंदारीवर आहेत. सकाळी बागेला पाणी घालतात आणि संध्याकाळी वर्गावर्गांतून फिरत पंखे-दिवे बंद करतात. हे दुसरं काम त्यांना कुणी सांगितलेलं नाही. "पोट्टे चालू ठेवून जातेत जी. मले पाहवत नाई," म्हणाले. हिशेब घातला तर कॉलेजातली सगळ्यांत मोठी ऊर्जाबचत त्यांच्या एका बोटातून होत होती. मी मोबाइल काढला. "मामा, बटण बंद करताना तसेच उभे राहा." त्यांनी बटण दाबलं. फोटोत काळोख आला. खाली काळी पट्टी, अक्षांश-रेखांश बिनचूक.

"सर, हे त कायंकुट्ट आलं," मामा मोबाइलमधे डोकावून म्हणाले. "चालू ठेवून काहाडता का?"

माझ्या समितीचा सगळा घोळ त्या काळ्या फोटोत मावला होता. उत्सर्जन कमी करायचं म्हणजे काहीतरी करायचं नाही: एसी लावायचा नाही, गाडी काढायची नाही, इमारत बांधायची नाही, चारशे पानी हरित अहवालाच्या पाच रंगीत प्रती छापायच्या नाहीत. आणि न केलेल्या कामाचा फोटो निघत नाही. त्याची फीत कापता येत नाही, टेंडर काढता येत नाही, उपयोगिता प्रमाणपत्र जोडता येत नाही. अमरावतीच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या गाडगे बाबांकडं काय होतं? खराटा आणि गाडगं. त्याच गाडग्यात जेवायचं, तेच डोक्यावर घालायचं, आणि गाव झाडून झालं की पुढचं गाव. आमच्या निकषावर बाबांना शून्य गुण. दस्तऐवज कुठाय? (त्या विद्यापीठाचं आवार पोहऱ्याच्या जंगलाच्या अंगाला आहे, तिथं अधूनमधून बिबट दिसतो. आमच्या बैठकीत एका सदस्यानं गांभीर्यानं विचारलं, 'आपल्याकडं सोय होईल का?')

पुढचा कार्यक्रम पालक मेळावा. विषय: कार्बन साक्षरता. मी तासभर कर्ब कमी करा, कर्ब कमी करा म्हणून सांगितलं. शेवटी मागच्या रांगेतले एक काकाजी उठले. दुपट्टा खांद्यावर, बोटांना सरकी चिकटलेली. "सर, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातले साहेब म्हणतेत का सेंद्रिय कर्ब वाढवा. पऱ्हाटी जाळू नका, मातीत कुजवा. अन् तुमी म्हणता कमी करा. मंग करायचं काय?"

प्रश्न रास्त होता. आमच्याकडं कर्ब ही काही शिवी नाही. मातीत तो अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला की जमीन गरीब. शेतकरी त्याच्यासाठी शेणखत टाकून टाकून थकतो. मी समजावलं: वस्तू तीच, काकाजी. मातीत राहिली तर लक्ष्मी, हवेत गेली तर अवदसा. त्यांना पटलं. मान हलवत त्यांनी खिडकीबाहेर हात केला.

"मंग तो धूर कायचा?"

पानगळ झाली होती. पीअर टीमसाठी आवार स्वच्छ दिसावं म्हणून कडुनिंबाचा पाला झाडून, ढीग लावून पेटवला होता. तिथून चाळीस पावलांवर गांडूळखताचा हौद होता, गेरू-चुना लावलेला, वर पाटी. पाला त्यात का टाकला नाही, हे मी मामांना विचारलं. "सायबायनं सांगतलं, फोटो होवस्तोर हौद खराब करू नका." गांडुळंही फोटोपुरती एका शेतकऱ्याकडून डब्यात आणलेली होती, संध्याकाळी परत करायच्या बोलीवर.

राहिला प्रवास. एक लिटर पेट्रोल म्हणजे सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. पोरी एसटीनं येतात; मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून जास्तच. पोरं ट्रिपल सीट येतात. दरडोई उत्सर्जन पाहिलं तर ट्रिपल सीटसारखा हरित उपक्रम नाही, पण चौकातला पोलिस ते मानत नाही. उरले आम्ही प्राध्यापक. आम्ही अप-डाऊन करतो, एकाच रस्त्यानं, एकाच वेळी, एकेकजण एकेका गाडीत. रस्ता साधा नाही: लोणी ते माना या टप्प्यात, एका लेनच्या हिशेबानं, ७५ किलोमीटर डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात गेलेला. ते काम सुरू झालं ३ जून २०२२ला. ३ जून हा जागतिक सायकल दिन असतो.

सायकल दिन आम्हीही केला, फेब्रुवारीत, संध्याकाळी, फोटोसाठी. गाड्या गेटबाहेर चिंचेखाली लावल्या. आत आलो तेव्हा लक्षात आलं की सायकल एकच आहे. मामांची. चोवीस इंची, चेनकव्हर नसलेली, सीटला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली आणि मागं कॅरिअरला ट्यूबच्या पट्टीनं आवळलेला जेवणाचा डबा. तीस वर्षं ती सायकल त्या गेटातून येते-जाते, तिचा एकही फोटो आमच्या दप्तरी नव्हता. त्या संध्याकाळी अकरा निघाले. अकरा प्राध्यापक पाळीपाळीनं बसले, पाय टेकवून हसले, उतरले.

"माहा डबा त काढू द्या," मामा दोनदा म्हणाले. पण तोवर प्राचार्यांची पाळी आली होती. ते बसले, दोन पायडल मारलेही, आणि मागचं चाक फुस्स झालं.

अहवालात 'आवारातील सायकली: अकरा' असं गेलं. अकराही फोटोंत कॅरिअरला तोच डबा आहे, पण पीअर टीम डबे मोजत नाही.

अंधार पडला होता. पंक्चरचं दुकान बंद. मामांचं गाव नऊ किलोमीटर आत. मीच त्यांना गाडीनं सोडायला निघालो. येऊन-जाऊन अठरा किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेतीन किलो. मामा डबा मांडीवर घेऊन पुढं बसले होते. बेल्ट लावला नव्हता म्हणून गाडी सारखी वाजत होती. गावात शिरताना मी विचारलं, "मामा, उद्या कसे येणार?"

"मी कायले विचार करू?" दार उघडत ते म्हणाले. "सायकल त कालेजातच रायली. उद्या तुमीच घ्याले येजा."