पुलाचं इरलं

अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात छपराचे लाकडी पूल अजून शंभराच्या आसपास उभे आहेत. फोटो बघून आपल्याला वाटतं, वाटसरू भिजू नये म्हणून केवढी ही माया! पण वाटसरूशी त्या छपराचं काही देणंघेणं नाही. ते पुलासाठी असतं. उघडा लाकडी पूल काही वर्षांत कुजायला लागतो, डोक्यावर आडोसा असेल तर शंभरी सहज ओलांडतो. स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्न गावचा असा पूल तर चौदाव्या शतकातला. पावसाला तो पुरून उरला आणि १९९३ साली आगीत सापडला.

आमच्या विरारच्या बोळिंजकडे सगळा कारभार उलटा. भातलावणीला इरलं माणसाच्या पाठीवर, पूल आपला भिजतोय. वाडीतल्या पाटावर माडाचं खोड आडवं टाकलं की झाला पूल. कुजलं तर दुसरं टाकायचं, माड काय थोडे आहेत? खाली कोकणात तर साकव पुरात वाहून जायचा आणि पाऊस ओसरला की गाव जमून नवा बांधायचं. शोकसभा नाही, जतन समिती नाही. पूल एका वर्षाचा आणि बांधायची रीत पणजोबांच्या आधीची. मला हा हिशेब व्हर्मांटपेक्षा पटतो.

दगडाला मात्र इरलंही नको. प्रतापगडाजवळ पार गावी कोयनेवर शिवकालीन पूल आहे. साडेतीनशे पावसाळे त्याने बोडक्याने झेलले, तेही महाबळेश्वरच्या शेजारचे.

आम्हा विरारकरांचा ऐतिहासिक पूल म्हणजे वसईच्या खाडीवरचा, रेल्वेचा. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेला पहिली लोकल त्याच वाटेने गेली. दिवसाला एकच गाडी, सकाळी जायची आणि संध्याकाळी परत यायची. चुकली तर उद्या! (तेव्हाही कुणीतरी रुमाल टाकून जागा धरली असणार, अशी माझी खात्री आहे.) पुढे शेजारी नवा पूल झाला, गाड्या तिकडे वळल्या. खाडीच्या मध्ये पाणजू बेट. दोन्ही अंगांना रेल्वेचे पूल, डोळ्यांसमोरून दिवसभर गाड्या, आणि गावकऱ्यांनी नायगावला जायचं ते होडीने.

बाकी छपराचा पूल आमच्याकडेही आहे बरं का. विरार स्टेशनचा, पत्र्याचा. व्हर्मांटच्या पुलाखाली झुळझुळ ओढा असतो, इथे खालून डहाणू लोकल जाते आणि वरून सगळा वसई तालुका. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी जिना उतरायच्या ऐन तोंडाशी, जिथे पत्रा संपतो, तिथे पुढचा माणूस थांबतो. पिशवीतून छत्री काढतो. ती उघडत नाही. मागे बाराडबा लोकलची गर्दी तुंबते आणि त्या गर्दीतून एक खणखणीत बाई ओरडते, "ओ काका, छत्री घरी जाऊन उघडा, आधी खाली उतरा!"