शिल्लक रुपये २७०

क्लब कुठलाही असो, त्याच्या व्हरांड्यात एक खुर्ची अशी असते की नवखा माणूस तिच्यावर टेकला की बेअरा लगबगीनं येतो आणि कानाशी लागून सांगतो, "साहेब, ती दादांची आहे." कोलकात्यात नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाला हुगळीचा पूल आणि दादांची खुर्ची या दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात कळतात.

दादा क्लबचे इतिहासकार. ही नेमणूक त्यांना कुणी दिलेली नाही आणि ती काढून घ्यायची कुणाची छाती नाही. क्लब तसा लहानसाच. पावसाळ्यात रग्बी, थंडी ओसरली की हॉकी, मैदान एकच, आणि त्याचा स्वतःचा इतिहास एका पोस्टकार्डावर मावेल एवढा. म्हणून दादा तो कधी सांगत नाहीत. ते सांगतात कलकत्ता फुटबॉल क्लबचा. आमच्या क्लबचा त्या क्लबाशी संबंध काय, असं एका नवीन सभासदानं एकदा विचारलं होतं. दादा म्हणाले, "हवा तीच, चिखल तोच."

"१८७२च्या नाताळात आम्ही वीस-वीस जणांचे दोन संघ केले," अशी सुरुवात होते. दादांचा जन्म स्वातंत्र्यानंतरचा. पण 'आम्ही' म्हणताना त्यांचा चेहरा इतका निर्मळ असतो की ऐकणाराच मनातल्या मनात त्यांचं वय वाढवून घेतो. एका बाजूला इंग्लंडचे, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे. रग्बीचा हा खेळ साहेबांना इतका आवडला की आठवडाभरात पुन्हा सामना झाला आणि १८७३च्या जानेवारीत क्लबच निघाला. १८७४मध्ये तो लंडनच्या रग्बी युनियनचा सभासद झाला. इथवर दादा घाईघाईनं येतात. लग्नात जेवणाआधीचे विधी उरकावेत तसं.

खरा रंग भरतो तो क्लब बुडायला लागल्यावर. बफ्स नावाची पलटण १८७६मध्ये शहरातून हलली आणि तिच्याबरोबर धडधाकट खेळाडूही गेले. हवा अशी की स्क्रममध्ये शिरलेला साहेब बाहेर निघेपर्यंत अर्धा विरघळायचा. लोक टेनिस आणि पोलोकडे वळले. आणि मग, इथे दादा चहाचा कप बशीत ठेवतात, इकडेतिकडे बघतात आणि आवाज खाली आणतात, "बार फुकट होता, तो बंद केला." पुढे बराच वेळ शांतता. कारणं तीन असली तरी दादांच्या लेखी एकच. ताळेबंद जुळवायला निघालेल्या एखाद्या कंजूष माणसानं जगातला एक थोर क्लब बुडवला, ही त्यांची पक्की खात्री आहे. आपल्या क्लबच्या खजिनदाराकडे ते तेव्हापासून संशयानं बघतात. खजिनदार सत्तेचाळीस वर्षांचा आहे.

क्लब बंद करायचं ठरलं तेव्हा शिलकीचं काय करायचं हा प्रश्न आला. कप्तान, चिटणीस आणि खजिनदार ही तिन्ही पदं रॉथनी नावाच्या एकाच गृहस्थाकडे होती, त्यामुळे सभेत वाद व्हायला वाव कमी. बँकेतले पैसे चांदीच्या रुपयांत काढले, ते वितळवले आणि त्यांचा एक चषक घडवून १८७८मध्ये रग्बी युनियनला देऊन टाकला. हाच तो 'कलकत्ता कप'. तीन नाग त्याच्या तीन मुठी, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड अजून दरवर्षी त्याच्यासाठी एकमेकांच्या बरगड्या मोजतात. पहिला सामना १८७९मध्ये एडिंबरोला झाला आणि बरोबरीत सुटला, हे सांगताना दादांना आजही चुटपुट लागते. आमच्या माणसांची इच्छा होती की हा कप इंग्लंडातल्या क्लबांच्या स्पर्धेसाठी असावा, युनियननं ऐकलं नाही, ही दुसरी चुटपुट. तिसरी १९८८ची. त्या वर्षी सामन्यानंतर दोन्हीकडच्या एकेका वजनदार खेळाडूनं रात्री कप बाहेर काढला आणि एडिंबरोच्या रस्त्यावर त्याचा चेंडू केला. हत्ती-नागांचा पार चेंदामेंदा झाला. इंग्रजाला एका सामन्याची बंदी, स्कॉटिशाला काही महिन्यांची. "आमच्या रुपयांना लाथ मारली," दादा म्हणतात, "आणि शिक्षा किती? एक सामना!"

मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हणजे बर्गी!" मी ओशाळून हसलो. "१७४२मध्ये तुमच्या लोकांच्या धास्तीनं आम्ही शहराभोवती खंदक खणायला घेतला. निम्मा खणून झाला, तुम्ही आलातच नाही! पुढे तो बुजवून रस्ता करायचा खर्च वेगळा." नागपूरकर भोसल्यांची स्वारी न झाल्याबद्दल माझ्याकडे खुलासा मागणारे ते पहिलेच बंगाली गृहस्थ.

दादांचा उजवा गुडघा दुखतो. ते तो दोन्ही हातांनी धरून बसतात आणि नव्या पोरांना म्हणतात, "स्क्रमची आठवण." ट्रामच्या पायरीवरून पाय घसरला होता, असं त्यांच्या घरून कळतं. दादा रग्बी खेळल्याचं पाहिलेला एकही सभासद हयात नाही, आणि जे हयात नाहीत त्यांनीही पाहिलं नसावं. पण नियम मात्र तोंडपाठ. पावसात छत्री उघडून, डोक्यावर मंकी कॅप चढवून ते मैदानाच्या कडेला उभे राहतात आणि चेंडू पुढे फेकला गेला की पंचाच्या आधी ओरडतात. पंच कधीकधी त्यांच्याकडे बघून शिट्टी वाजवतो.

हॉकीवाल्यांशी त्यांचं जमत नाही. एक तर रग्बीवाले पावसाळाभर मैदान नांगरून ठेवतात आणि पुढे रोलर कुणी फिरवायचा यावरून दरवर्षी भांडण. दुसरं म्हणजे हॉकीचाही इतिहास आहे, ही गोष्टच दादांना पटत नाही. हॉकीचे चिटणीस बिचारे बेटन कपचा विषय काढतात. १८९५पासून याच शहरात सुरू आहे, म्हणतात. ध्यानचंदांनी आपला सर्वोत्तम सामना म्हणून १९३३च्या बेटन कपच्या अंतिम सामन्याचं नाव घेतलं होतं, म्हणतात. दादा ऐकून घेतात. मग माझ्याकडे वळतात. "कलकत्ता कस्टम्स एका गोलनं हरले. जिंकलं कोण? झाशी हीरोज. झाशी तुमचीच ना?" म्हणजे खंदकाचं राहिलं होतं, त्यात हेही आमच्या खाती.

यंदाच्या वार्षिक सभेत हॉकीच्या चिटणीसांनी गोलच्या नव्या जाळ्यांसाठी पैसे मागितले. जुन्या जाळ्यांची भोकं एवढी मोठी की गोल झाला की बाहेर गेला यावर दर सामन्यात लवाद बसतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. दादा उठले. गुडघा धरून, सावकाश.

"फंडाला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "उद्या क्लब बंद करायची वेळ आली तर कप कशाचा करणार?"

खजिनदार म्हणाला, "दादा, क्लब बंद कुठे होतोय?"

"तेच तर! तयारी आधीच करायची असते. त्यांच्याकडे २७० रुपये होते. रुपया एक तोळ्याचा. तीन किलोच्या वर माल झाला. तुमचा फंड कशात आहे?"

"मुदत ठेवीत."

"म्हणजे कागद! चांदीत ठेवा. आजचे २७० रुपये काढून वितळवाल तर ते स्टीलचे. त्याची फार तर कढई होईल." दादांनी सभेवरून नजर फिरवली. "इंग्लंड-स्कॉटलंड कढईसाठी खेळतील?"

कुणी बोलेना. तेवढ्यात मागून हॉकीचे चिटणीस म्हणाले, "न खेळेनात का. आपल्या कँटीनला एक हवीच आहे."