समदर्शी साहेबांना साष्टांग

प्रति,
मा. किंमत-निर्धारण प्रमुख,
संगीताचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या समस्त कंपन्या,
मुक्काम बर्लिन, तेल अवीव, लॉस एंजेलिस वगैरे.



ज्ञानी माणसाला गाय, हत्ती आणि कुत्रा सारखेच दिसतात, असं गीतेत सांगितलंय. मला ती अतिशयोक्ती वाटायची. आपलं दरपत्रक पाहिलं आणि शंका फिटली. लॉस एंजेलिसमध्ये सिनेमाला संगीत देणारा गृहस्थ आणि मिरजेत हळदीची गाणी, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक अन् निवडणूक आली की दोन्ही पक्षांची प्रचारगीतं करणारा मी, आम्ही दोघे आपल्याला एकसारखे दिसतो. आवाजाची चढउतार आवरणारा ‘कंप्रेसर’ हा प्लगइन दोघांनाही १९९ डॉलरला. एवढा मान मला सासुरवाडीतही मिळत नाही.

हा मान परवडतो का, एवढंच घरी विचारतात. म्हणून हिशेब मांडतो. १०० डॉलर म्हणजे साडेआठ हजार रुपयांच्या वर. त्यावर १८ टक्के जीएसटी. तो आमच्या सरकारचा, त्यात आपला दोष नाही. मग बँकेचा परकीय चलनाचा अधिभार, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि त्या अधिभारावर पुन्हा जीएसटी. वस्तू दहा हजारांच्या पलीकडे जाते. तेवढ्यात माझ्याकडे एक अख्खं गाणं उभं राहतं: रेकॉर्डिंग, मिक्सिंग, ढोलकीवाल्याचं मानधन आणि कोरसला आलेल्या पोरींच्या रिक्षाचं भाडं. अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच आहे, आणि तिथले लोक त्यावर नाराज आहेत. तरी तिथल्या पोराने चौदा तास बशा विसळल्या की आपला कंप्रेसर अर्धा त्याचा होतो. इथल्या पोराने चौदा तास विसळल्या तर त्या अर्ध्यावरचा जीएसटीही निघत नाही.

पण आपण कठोर नाही आहात. आपल्याकडे सेल असतो. किंबहुना आपल्याकडे सेलच असतो. २४९ डॉलरवर तांबडी काट आणि शेजारी २९.९९. ही काट पाडव्याला होती, आषाढीला होती, आजही आहे. २४९ डॉलर मोजून तो प्लगइन घेतलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटला तर पाया पडेन, कारण आम्हा सगळ्यांची ८८ टक्के सवलत त्या एकट्याच्या पुण्याईवर उभी आहे. आमच्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर छापील किंमत असते आणि त्याहून जास्त घेता येत नाही. आपल्याकडे छापील किंमत आहे ती फक्त खोडण्यासाठी. युरोपियन युनियनने २०२२ पासून नियम केला की सवलत जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवा. आमच्या केंद्र सरकारनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या ऑनलाइन युक्त्यांची यादी काढली आणि त्यात खोटी घाई पहिलीच घेतली. पानाच्या डोक्यावर उलटं धावणारं ते आपलं घड्याळ आठवलं आणि मला जरा गहिवरून आलं. ते घड्याळ लॉस एंजेलिसच्या मध्यरात्री थांबतं, म्हणजे नोव्हेंबरात आमच्याकडे दुपारचे दीड. जेवण निम्म्यावर टाकून आमच्यातली माणसं कार्ड शोधत उठलेली मी पाहिली आहेत. सेल दुसऱ्या दिवशी आपल्या ‘प्रेमळ आग्रहास्तव’ वाढतो, हे त्यांना दरवर्षी नव्याने कळतं.

साडेतीन मुहूर्तांवर आमचं भागत होतं. आपण ब्लॅक फ्रायडे जोडून दिलात. दिवाळीत बोनस आलेला असतो, फटाक्यांतून काही उरलेलं असतं, ते बरोबर त्या आठवड्यात आपल्याकडे पोचतं. शिवाय शिकण्यासारखंही पुष्कळ आहे. वस्तू कार्टमध्ये टाकायची आणि न घेता निघून जायचं. दोन-तीन दिवसांत कूपन घेऊन आपलं ई-पत्र मागे येतं, तुळशीबागेत ‘अहो ताई, शेवटचं सांगा’ म्हणत दुकानदार चार पावलं मागे येतो तसं. जुना प्लगइन असेल तर क्रॉसग्रेड, विद्यार्थी असाल तर ओळखपत्र, एक घेतलं की महिन्याचा एक फुकट, व्हाउचर वेगळं. स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले, आवाजाला घुमारा देणारे रिव्हर्ब आमच्या धंद्यातल्या काही जणांकडे इतके साठलेत की त्यांच्या गाण्यांत गायक दूर कुठेतरी विहिरीत उतरल्यासारखा वाटतो. आणखी एक शिकलो. मार्च २०२३ मध्ये वेव्ह्ज या प्लगइन कंपनीने विकत देणंच बंद करून फक्त वर्गणी ठेवली, आणि जगभर असा गदारोळ झाला की काही दिवसांतच विक्री पुन्हा सुरू करावी लागली. म्हणजे आरडाओरडा केला की किंमत-धोरण हलतं. हे पत्र त्याच भरवशावर आहे.

आता खरी गोष्ट. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं ते महिना ११९ रुपयांवर. अमेरिकेत तेव्हा ९.९९ डॉलर होते, त्या वेळच्या दराने सातशेच्या घरात. म्हणजे इथला माणूस सहावा हिस्सा देतो, हे त्यांना नीट समजलं होतं. नेटफ्लिक्सला समजायला वेळ लागला. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी ४९९ चा प्लॅन १९९ वर आणला. गेम विकणाऱ्या स्टीमने तर २०१५ लाच रुपयांत भाव लावायला सुरुवात केली. इंजिनिअरिंगच्या पोरांची पुस्तकं किती दशकं ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ असा शिक्का मारून स्वस्त कागदावर निघताहेत. गाणं ऐकायला, सिनेमा बघायला, गेममध्ये माणसं मारायला जगाने मिरजेचा खिसा बघून भाव ठरवला. गाणं करायला मात्र बहुतेक ठिकाणी मिरज आणि मॅनहॅटन एकच.

आणि साहेब, ऐकण्याचा भाव खाली आला तो माझ्याच अंगावर आला. स्ट्रीमिंगचा मोबदला त्या त्या देशातल्या वर्गणीतून आणि जाहिरातींतून निघतो. एवढ्याशा वर्गणीतून काय निघणार? माझी हळद लाखभर लोकांनी ऐकली तरी माझ्या वाट्याला येतात ते रुपये, आणि त्या हळदीवर मारलेल्या रिव्हर्बचे जातात ते डॉलर. माझा माल स्थानिक दराने विकला जातो, हत्यार जागतिक दराने येतं. समदृष्टी आहे ती फक्त माझ्याकडून पैसे जाण्याच्या दिशेला.

आपलं म्हणणं ऐकून आहे. बर्लिनचा प्रोग्रामर बर्लिनचं घरभाडं भरतो, तो मिरजेच्या भावात काम करणार नाही. मान्य. पण पहिली प्रत बनवायला खर्च येतो. माझ्यासाठी काढलेल्या प्रतीला आपला काय खर्च आला, ते एकदा कळवावं. दुसरं म्हणणं असं की भारताला स्वस्त दिलं तर अमेरिकावाले व्हीपीएन लावून भारतीय होतील. हेही खोटं नाही. स्टीमवर लोक अर्जेंटिना आणि तुर्कस्तानचे होऊन खरेदी करत, म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी तिथली चलनंच काढून डॉलर आणला. पण आपल्याकडे परवाने तपासणारं आयलॉक आहे ना? माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला की मी चोर आहे का, हे क्षणात ओळखणारी यंत्रणा. तिला मी चोर आहे हे ओळखता येतं, भारतात आहे एवढंच ओळखता येत नाही?

इथे आपला खरा प्रतिस्पर्धी कोण, तेही सांगून ठेवतो. त्याचं नाव क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत. दर शून्य, सेलची वाट नको, जीएसटी नाही, आणि स्टुडिओचं उद्घाटन करायच्या आदल्या रात्री पेन ड्राइव्हवर घरपोच. ते बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण क्रॅक सोडून पैसे द्यायला तयार झालेल्या पोराला पहिल्याच पानावर त्याच्या महिन्याच्या कमाईएवढी किंमत दाखवली, तर तो मुकाट्याने पेन ड्राइव्हकडे वळतो.

देशाप्रमाणे भाव हाही काही फार न्याय्य नाही, हे मी स्वतःहून सांगतो. अंधेरीतल्या बड्या संगीतकाराला स्वस्त आणि डेट्रॉइटमधल्या बेकार पोराला महाग, असं होईल. यावर उत्तर आपल्याच बिरादरीतल्या एकाने शोधलेलं आहे. विनॲम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांचं रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० डॉलरला मिळतं. अट अशी की आपली धंद्याची वार्षिक मिळकत २०,००० डॉलरच्या वर नसावी; असेल तर २२५. दाखला मागत नाहीत, विश्वास ठेवतात. साठ दिवस फुकट वापरा म्हणतात, आणि साठ दिवसांनंतरही बंद न पाडता नुसती आठवण करून देतात. काट मारलेली किंमत नाही, घड्याळ नाही. अशा माणसांमुळे धंद्याची केवढी बदनामी होते, आपण जाणताच.

शेवटची विनंती. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या स्टुडिओपासून चालत जावं एवढ्या अंतरावर ती वाद्यं घडतात, आणि रुपयांत मिळतात. तरी गाण्यात घाईने सतार टाकायची तर ती मला बर्लिनहून, नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘इंडिया’ संचातून आणावी लागते, किंवा स्वित्झर्लंडच्या स्वर सिस्टम्सकडून. उद्या आपला कोणी माणूस ढोलकी, संबळ, हलगी यांचे नमुने ध्वनिमुद्रित करायला इकडे आलाच, तर वादक मी गोळा करून देईन. त्यांचा दर आत्ताच कळवून ठेवतो: बर्लिनमध्ये स्टुडिओत बसणाऱ्या वादकाला ताशी जो देता तो, डॉलरमध्ये किंवा युरोत, बँकेचा अधिभार आपल्याकडे. सवलत नाही. घासाघीस करायची असेल तर बिल कार्टमध्ये ठेवून खुशाल परत जावं. आमच्याकडून कूपन येणार नाही.

आपला विश्वासू,
मिरजेतला एक ग्राहक