खडी फौज कशी उभारावी

पूर्वी फौज उभारायची म्हणजे मुलूख लागे, खजिना लागे आणि निदान एक तरी शत्रू लागे. आता काचेचं एक कपाट, बरा टेबल-लँप आणि पगार झाल्यावर दोन दिवस ठिकाणावर नसलेली बुद्धी एवढ्यावर भागतं. तरीही या क्षेत्रात बेशिस्तीने उतरणाऱ्यांची संख्या फार आहे. त्यांच्यासाठी आणि उतरू की नको असा घोळ घालणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन.

सर्वप्रथम लाज सोडावी. चांगल्या कमावत्या माणसाने बोटभर उंचीचे शिपाई विकत घ्यावेत का, ही शंका मनात येणारच. तिला वंशावळीने उत्तर द्यावं. इजिप्तमधल्या असयूतचा सुभेदार मेसेहती सुमारे चार हजार वर्षांपूर्वी वारला, तेव्हा त्याच्या थडग्यात रंगवलेल्या लाकडी सैनिकांच्या दोन तुकड्या ठेवल्या गेल्या: 40 इजिप्शियन भालाईत आणि 40 न्युबियन तिरंदाज. मोठ्या माणसाने बरोबर काय न्यावं हा प्रश्न तेव्हाच निकालात निघालेला आहे. विन्स्टन चर्चिलकडे लहानपणी सुमारे 1,500 शिपाई होते. एकदा वडिलांनी खोलीत येऊन वीस मिनिटं फौजेची पाहणी केली आणि विचारलं, सैन्यात जायला आवडेल का? चर्चिलला वाटलं, वडिलांना आपल्यातला सेनापती दिसला. पोरगं वकिलीला लागणारं डोकं घेऊन आलेलं नाही, एवढंच वडिलांना दिसलं होतं, हे त्याला पुढे कळलं. हा प्रसंग पाहुण्यांना वडिलांच्या प्रश्नापर्यंतच सांगावा.

त्याच आठवणींत आणखी एक बारकावा आहे. शत्रूची फौज धाकट्या भावाकडे, जॅककडे असे. पण दोघांत शस्त्रमर्यादेचा तह झालेला होता: जॅकने फक्त काळे-सावळे शिपाई ठेवायचे आणि त्यांना तोफा नाहीत. हा तह ध्यानात ठेवावा, पुढे कामाला येईल.

मग कालखंड निवडावा. नवशिका इथेच घसरतो. त्याला रोमन सेंच्युरियनही हवा असतो, सामुराईही, नेपोलियनचा हुसारही आणि रशियाच्या बर्फात अडकलेला जर्मन रणगाडेवालाही. सगळे एका फळीवर उभे केले की ती फौज राहत नाही, वऱ्हाड होतं. जाणकार एकच काळ धरतो आणि बहुतेक वेळा तो नेपोलियनचाच असतो. याला शौर्याशी काही देणंघेणं नाही. सगळी करामत शिंप्याची. त्या काळच्या युरोपात प्रत्येक पलटणीची कॉलर, कफ, बटणं आणि टोपीवरचा तुरा ठरलेला होता, आणि ठरलेलं ते लिहून ठेवलेलं होतं. कारखानदाराला आणखी काय हवं? एकदा साचा केला की कफचा रंग बदलायचा. नवी पलटण, नवा डबा, नवं बिल. आपला शिलेदार या धंद्याच्या मुळावरच उठलेला. घोडा त्याचा, भाला त्याचा, पागोटं घरचं. शंभर शिलेदार करायचे तर शंभर साचे लागतील. म्हणून वॉटर्लू शेकडो डब्यांत मिळतं आणि पानिपत शोधावं लागतं.

आकाराबाबत मतभेद आहेत आणि ते मिटवण्याचा प्रयत्न करू नये. खेळणारे लोक 28 मिलिमीटरवर असतात, मांडणारे 54 वर. 54 चं माप लंडनच्या विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने रूढ केलं. 1893 मध्ये त्यांनी शिशाचा पोकळ शिपाई ओतायची युक्ती काढली: साच्याला लागलेला थर थिजला की आतला पातळ रस ओतून टाकायचा. शिसं वाचलं, शिपाई स्वस्त झाला आणि इंग्रज पोरांच्या खोल्या साम्राज्याने भरल्या. 28 मिलिमीटर म्हणजे तळव्यापासून डोळ्यांपर्यंत की टाळूपर्यंत, यावर मात्र सुशिक्षित माणसं अबोला धरतात. मराठी माणसाला ही शिस्त जडच जाते, कारण त्याची दीक्षा दिवाळीच्या किल्ल्यावर झालेली असते. तिथे वाघ बुरुजापेक्षा मोठा, गवळण वाघापेक्षा मोठी, मावळे तिच्या गुडघ्याला लागतात आणि पायथ्याशी हळिवाच्या शेतात एक ट्रॅफिक पोलीस उभा असतो. कुणाचंही काही बिघडत नाही. मोठेपणी मात्र 1:30 च्या शेजारी 1:32 चा शिपाई ठेवला की रात्री झोप लागत नाही. याला प्रगती म्हणावं.

खरेदीविषयी फार लिहीत नाही, कारण तिथे मार्गदर्शनाची गरज कुणालाच पडलेली पाहिली नाही. एवढंच ठाऊक असावं की कंपन्या अधूनमधून एखादा पुतळा ‘रिटायर’ करतात, म्हणजे त्याचं उत्पादन थांबवतात. माणूस रिटायर झाला की त्याची विचारपूस कमी होते. पुतळा रिटायर झाला की त्याची किंमत वाढते. कस्टमवाल्यांना पार्सलात इतिहास आहे हे पटवायला जाऊ नये. ते खेळणीच म्हणतात आणि त्याप्रमाणे पैसे लावतात. हल्ली रेझिनचा थ्रीडी प्रिंटर घरी आणून रातोरात पलटणी छापणारेही निघाले आहेत. छापलेला शिपाई अल्कोहोलमध्ये धुवायचा, मग अतिनील प्रकाशात कडक करायचा, हातमोजे विसरायचे नाहीत आणि खिडकी उघडी ठेवायची. फौज फुकटात पडते असं ते सांगतात. प्रिंटरचं बिल विचारलं की विषय बदलतात.

आणलेल्या शिपायांपैकी रंगवून होतात थोडे. उरलेले डब्यात, पिशवीत, दिवाणाखाली असतात. त्यांना ‘पडून राहिलेले’ म्हणू नये, ‘राखीव फौज’ म्हणावं. राखीव फौज जितकी मोठी, तितका सेनापती दूरदर्शी.

आता रंगकाम. प्राइमर पावसाळ्यात मारू नये. जून ते सप्टेंबर हवा एवढी दमट असते की स्प्रेचा थर शिपायावर पिठासारखा खरखरीत बसतो आणि सबंध पलटण पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. तेवढे महिने वाचन करावं, म्हणजे खरेदी करावी. ब्रश उत्तम घ्यावा. जाणकार विन्सर अँड न्यूटनच्या सीरिज सेव्हनचं नाव घेतात. हा ब्रश 1866 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या फर्माइशीवरून तयार झाला. राणी त्याने जलरंगातली चित्रं काढायची. आपण त्याने तिच्याच शिपायांचे बूट काळे करतो.

बूट, पट्टे, बंदूक हे सगळं जमतं. परीक्षा डोळ्यांची. शिपायाला औषधाच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवावं, झाकण डाव्या हाताच्या दोन बोटांत धरावं, दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवावीत. डोळ्याची खाच तांदळाच्या कणीहून बारीक असते. आधी तिथे गडद तपकिरी रंग, त्यावर मधोमध पांढुरकी रेघ; शुभ्र पांढरा नको, नाहीतर शिपाई भूत पाहिल्यासारखा दिसतो. मग बुबुळ. बुबुळाचा ठिपका द्यायचा नाही, वरपासून खालपर्यंत उभी रेघ ओढायची आणि तिची सुटलेली टोकं वरून-खालून त्वचेच्या रंगाने झाकायची. रेघ ओढताना श्वास रोखावा. याच क्षणी दारावरची बेल वाजते, हे गृहीत धरावं. उजवा डोळा साधला की डावा हमखास दुसरीकडे बघतो: एक शत्रूकडे, एक भटारखान्याकडे. अशा वेळी त्याला पुसू नये. टोपी जरा खाली ओढलेली दिसेल अशी सावली द्यावी आणि पुढचा हातात घ्यावा. पहिल्या पलटणीतले निम्मे शिपाई टोपीखाली झोपलेले निघतात. लांबच्या कूचनंतर हे शोभूनही दिसतं.

हे चालू असताना घरात आत्या आलेली असते. ती चष्मा वर करून बराच वेळ बघते.

“वाळलं की पोराला खेळायला देणार ना रे?”

“नाही गं आत्या, हे काचेच्या कपाटात राहणार.”

“मग त्याचा उपयोग काय?”

इथे मेसेहती, चर्चिल वगैरे काढू नयेत. “चहा घेतेस?” असं विचारावं.

कपाटाचं लाकूडही पारखून घ्यावं. जुन्या शिशाच्या शिपायांना ओकच्या कपाटात ठेवलं की लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं कुजायला लागतं आणि अंगावर पांढरी भुकटी धरते. (ओक आडनावाच्या वाचकांनी मनाला लावून घेऊ नये.) नव्या एमडीएफचाही भरवसा नाही. काच आणि पत्रा बरा, आणि हवा खेळती हवी. उंदरांच्या बाबतीत रशियाच्या तिसऱ्या पीटरचा दाखला आहे. त्याच्या पुठ्ठ्याच्या किल्ल्यावर चढून एका उंदराने पिठाचे दोन पहारेकरी खाल्ले. पीटरने उंदराला पकडवलं, लष्करी कायद्यान्वये दोषी ठरवलं आणि फासावर लटकवलं. ही हकीकत त्याच्या बायकोने, म्हणजे पुढे सम्राज्ञी झालेल्या कॅथरीनने, आपल्या आठवणींत लिहून ठेवली. तिनेच पुढे नवऱ्याला गादीवरून खाली ओढलं. तेव्हा शिस्त असावी, पण घरच्यांच्या देखत असू नये.

शेवटी अचूकता. या पंथाचा आद्य हुतात्मा म्हणजे कॅप्टन विल्यम सायबोर्न. 1830 मध्ये त्याला वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करायचं सरकारी काम मिळालं. गडी आठ महिने तिथल्या ला हे सॅंत या शेतवाड्यावर राहून जमीन मोजत बसला. लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रं धाडली: संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमची पलटण नेमकी कुठे होती, शेतात पीक कोणतं होतं? सरकारने मध्येच पैसे थांबवले, तरी याने पदरमोड करून काम रेटलं आणि 1838 मध्ये 70,000 हून जास्त इवल्या शिपायांची लढाई लंडनकरांपुढे मांडली. तिकिटं खपली, सायबोर्न कर्जातच राहिला. वर ड्यूक ऑफ वेलिंग्टन नाराज. या मॉडेलवर मदतीला आलेले प्रशियन फार दिसतात; मग विजय कुणाचा वाटेल? अखेर प्रशियनांची संख्या बरीच कमी करावी लागली. ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. कपाटात कोण किती उभे करायचे हे इतिहास ठरवतो, असं समजणाऱ्यांनी तिथे जाऊन यावं.

हाच वेलिंग्टन वॉटर्लूच्या बारा वर्षं आधी, नुसता आर्थर वेलस्ली असताना, आपल्या भोकरदनच्या परिसरात येऊन गेला. 23 सप्टेंबर 1803, शिंद्यांशी असईची लढाई. नकाशावर गाव केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शोधावं. आता हाँगकाँगच्या जॉन जेन्किन्स डिझाइन्सने या लढाईचे रंगवलेले पुतळे काढले आहेत आणि त्यांत शिंद्यांचं कवायती पायदळही आहे. मराठी संग्राहकाला याहून मोठा मोह नाही आणि याहून मोठा खड्डाही नाही.

कारण पहिली उडी सगळे वेलस्लीच्या स्कॉटिश हायलँडरांवर घालतात. घागरा, पिसांची टोपी, बॅगपाइप. कपाटात दुसरं काही शोभत नाही. त्या उन्हात ते किल्ट नेसले होते की पांढऱ्या विजारी, यावर एखादं वर्ष आरामात भांडता येतं. पण वेलस्लीच्या पायदळात मोठा भरणा मद्रासी शिपायांचा होता. ते आधी घ्यावेत. खुद्द वेलस्लीसाठी घोडे तीन रंगवावेत, कारण त्या दिवशी दोन त्याच्या मांडीखालून गेले. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी, हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखाली, सुमारे 10,800. वीस माणसांना एक पुतळा हे प्रमाण धरलं तरी 540 होतात. हा आकडा घरात मोठ्याने वाचू नये.

आणि तोफा. इथे चर्चिल बंधूंचा तह फाडून टाकावा. शिंद्यांकडे सुमारे शंभर तोफा होत्या आणि त्या अशा चालल्या की वेलस्लीचे 1,584 लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. तोफखान्यात काटकसर केली तर मांडणी सुबक होईल आणि खोटी होईल. दोन तोफा आणि एक हत्ती ठेवून भागवणारे लोक आहेत. त्यांच्याकडे जेवायला जावं, कपाटाविषयी बोलू नये.

राहता राहिलं शिंदे आणि त्यांचे साथीदार भोसले यांचं घोडदळ. हजारो स्वार, हरेकाचा पोशाख वेगळा, घोड्याचा रंग वेगळा, साचा कुणाकडे नाही. मात्र इथे इतिहास संग्राहकाच्या मदतीला धावून येतो. असई गावाजवळ विस्कटलेल्या वेलस्लीच्या 74 व्या पलटणीवर चालून गेलेले थोडे स्वार सोडले, तर हे घोडदळ बहुतांशी लढाईत उतरलंच नाही, बाजूला उभं राहिलं. म्हणून तेवढे दहा-पंधरा स्वार रंगवावेत. बाकीचे न रंगवता, डबाबंद, मांडणीच्या एका कडेला ठेवावेत आणि झाकणावर नीट अक्षरात पथकाचं नाव लिहावं.